मुंबईत भाड्याने घर शोधताय? ‘अकरा महिन्यांचा करार, नोटरी केला की झालं’ हे खरं आहे का?

पिंगुळी म्हटलं की बाहेरच्यांना चित्रकथी आठवते किंवा राऊळ महाराजांचा मठ. इथल्या घराघरांत मात्र आणखी एक विषय कायम असतो, तो म्हणजे मुंबईतली खोली. पोरगं किंवा पोरगी शिकून मोकळी झाली, मुंबईत नोकरी लागली, कुडाळला रात्रीची गाडी पकडली. पहिले पंधरा दिवस मामाकडे किंवा आत्याकडे निघतात. पुढे काय?

आधीच्या पिढीकडे याचं तयार उत्तर होतं. लालबाग, परळ, शिवडी या गिरणगावात कोकणातल्या अनेक गावांनी मिळून खोल्या घेतल्या होत्या. ‘गावकऱ्यांची खोली’ म्हणून त्या ओळखल्या जायच्या. एका खोलीत गावातले दहा-वीस पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक, जेवण खानावळीत. एकाची रात्रपाळी सुरू झाली की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि अशा खोल्या कमी होत गेल्या. तरी तुमच्या गावाच्या मुंबई मंडळाकडे अशी खोली अजून आहे का, हे आधी विचारा. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांसाठी याहून स्वस्त काही मिळणार नाही.

मग चाळीत अजूनही नाममात्र भाडं भरणारे लोक कोण?

ते पागडीवाले. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडं वाढवता येईना, म्हणून मालकांनी खोली देतानाच एकरकमी पागडी घ्यायला सुरुवात केली. भाडं किरकोळ, पण आत शिरायचं तर हातात लाखो रुपये हवेत. नोकरीच्या पहिल्या वर्षात हा पर्याय सोडूनच द्यायचा. म्हाडाच्या लॉटरीचंही तसंच. ती घरं विकत घ्यायची असतात, भाड्याने मिळत नाहीत.

आज तुम्हाला मिळतं ते ‘लीव्ह अँड लायसन्स’वरचं घर. इथे तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता. ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी तेवढी मिळते. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढता येतं आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट भाडं भरावं लागू शकतं.

‘भाडं किती?’ हा अर्धाच प्रश्न

समजा दोघांनी मिळून १२,००० रुपयांचं वन आरके बघितलं. डिपॉझिट ५०,०००. ब्रोकर साधारण एका महिन्याचं भाडं घेतो, म्हणजे १२,०००. पहिल्या महिन्याचं भाडं धरून गादी-बादली घ्यायच्या आधीच ७४,००० रुपये गेले. त्यात अकरा महिन्यांनी करार पुन्हा करताना बरेच ब्रोकर पुन्हा दलाली मागतात. ती महिन्यांत वाटली तर भाडं १२,००० नाही, जवळपास १३,१०० पडतं. म्हणून मालक तयार असेल तर करार सरळ २२ किंवा ३३ महिन्यांचा करा, पण लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) कमीत कमी ठेवा. डिपॉझिटवर महाराष्ट्रात कायद्याची मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१च्या आदर्श कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे खरी, पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो.

‘हेवी डिपॉझिट’पासून जरा लांबच राहा. काही लाख एकदम द्यायचे आणि भाडं शून्य किंवा नावापुरतं, अशी ही पद्धत. ऐकायला गोड वाटते, पण मालकाने ते पैसे कुठेतरी गुंतवलेले असतात. तुम्ही घर सोडता तेव्हा ते त्याच्या हातात असतीलच असं नाही.

स्टेशन निवडताना नकाशावर विसंबू नका. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, बदलापूर ते सीएसएमटी ६८. भाडं नक्कीच कमी, पण सकाळी साडेआठची लोकल एकदा स्वतः पकडून बघा आणि मग ठरवा. ऑफिस नवी मुंबईत असेल तर विरारला स्वस्त घर घेण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा पनवेल, कामोठे बघा. दिव्यात आपली माणसं बरीच आहेत आणि सावंतवाडीची गाडीही तिथूनच सुटते. एकट्याला घर परवडत नसेल तर ‘कॉट बेसिस’ हा रास्त मार्ग आहे. तिथेही दिलेल्या पैशांची पावती घ्या.

आता कराराचं

देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही. अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच आली. पण महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नुसता नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नाही.

खर्च फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. वरच्या उदाहरणात ते साडेतीनशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. एजंट त्याचे वेगळे पैसे घेतो, ते आधी विचारून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ते फुकट होतं, त्यामुळे ‘पोलीस व्हेरिफिकेशनचे हजार’ कोणी मागितले तर हिशेब विचारा.

गावात बसून पैसे पाठवू नका

सर्वात जास्त फसवणूक इथे होते. फोटो झकास, भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी, मालक ‘आर्मीत, पोस्टिंगवर’. टोकन पाठवलं की फोन बंद. कधी तर ‘मीच तुम्हाला पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा’ असं सांगतात. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. ओळखीतल्या कोणाला तरी घर प्रत्यक्ष बघायला पाठवा. मालकाकडून इंडेक्स-२, वीजबिल आणि सोसायटीचं मेंटेनन्स बिल मागा. तिन्हींवरचं नाव आणि तुम्ही ज्या खात्यात पैसे भरणार त्यावरचं नाव एकच आहे का, ते बघा. नसेल तर का नाही, याचं पटणारं उत्तर मिळेपर्यंत थांबा.

‘बॅचलर नको’, ‘मांसाहारी नको’ हेही ऐकावं लागेल. मासे खाणाऱ्या माणसाने हे टोकन देण्याआधीच फोनवर स्पष्ट विचारलेलं बरं, नंतरच्या कटकटी वाचतात.

चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी प्रत्येक खोलीचा, नळांचा, भिंतींच्या ओलीचा आणि वीज मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. डिपॉझिट आणि भाडं खात्यातूनच द्या. रोख द्यावंच लागलं तर सहीची पावती घ्या. घर सोडायची नोटीसही करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी द्या. डिपॉझिटमधून ‘रंगकामाचे’ पैसे कापायची वेळ येते, तेव्हा हाच व्हिडिओ दाखवायचा असतो.