अनुशेष, प्रादेशिक (महाराष्ट्र)

राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखाद्या जिल्ह्यात राहिलेली विकाससुविधांची तूट व ती भरून काढण्यास लागणारा खर्च.

पार्श्वभूमी : नागपूर करार (१९५३) आणि संविधानातील अनुच्छेद ३७१(२) यांत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्राला निधीच्या न्याय्य वाटपाचे आश्वासन आहे.

मोजणी : अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये सत्यशोधन समिती नेमली गेली. अहवाल १९८४ मध्ये आला. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा इ. क्षेत्रांत समितीने जिल्हा हा घटक धरला. सरासरीपेक्षा मागे असलेल्या जिल्ह्याची तूट मोजून तिला प्रतिएकक खर्चाने गुणले. पुढारलेल्या जिल्ह्याची आघाडी त्यातून वजा केली नाही, त्यामुळे एकाच विभागातील मागास जिल्हा पुढारलेल्याच्या आड लपला नाही. पिकागणिक पाण्याची गरज वेगळी असल्याने सिंचनक्षेत्र रब्बी-समतुल्य हेक्टरांत मांडले. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रु. निघाला : विदर्भ ३९.१२%, मराठवाडा २३.५६%, उर्वरित महाराष्ट्र ३७.३२%. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष १४,००६.७७ कोटी रु. ठरवला.

अर्थव्यवस्था व दीर्घकालीन नियोजन : अनुशेष निर्मूलनाची मुदत अनेक अर्थसंकल्पांची असते, म्हणून ते राज्याच्या महसुलाच्या सातत्यावर अवलंबून राहते. तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कात्री भांडवली खर्चाला लागते, कामे रेंगाळतात आणि दरवाढीने त्यांचा खर्च फुगतो. तरतूद खर्ची पडून आर्थिक अनुशेष संपला, तरी भौतिक अनुशेष शिल्लक राहू शकतो. सुदृढ अर्थव्यवस्थेचा आधार रोजगार हमी योजनेत दिसतो : १९७५ पासून नोकरदार व व्यावसायिकांवरील व्यवसाय कर आणि त्याला जोडून शासनाचे अनुदान यांतून ग्रामीण मजुरी भागवली गेली. शहराची कमाई दुष्काळी भागापर्यंत पोहोचवणारी ही पक्की वाट होती.

मात्र अनुशेषाच्या हिशेबात सुविधा मोजल्या जातात, विभागाचे उत्पन्न नव्हे. कालवा व वीज पोहोचली, पण कापसावर प्रक्रिया, पतपुरवठा व बाजार जवळ नसेल, तर मूल्यवृद्धी बाहेर जाते आणि विभाग अनुदानावरच विसंबून राहतो. विजय केळकर समितीने (नेमणूक २०११, अहवाल २०१३) तालुका हा घटक धरण्याकडे व व्यापक विकासाकडे लक्ष वेधले. तिच्या शिफारशींवर मतभेद आहेत.

कोकण : ‘उर्वरित महाराष्ट्रा’त समाविष्ट, स्वतंत्र वैधानिक विकास मंडळाची मागणी आहे.

वैधानिक विकास मंडळे : स्थापना १९९४, मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. राज्यपालांवर न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी होती.

मूल्यमापन : जिल्हावार तूट आकड्यांत मांडून मागासलेपणाची तक्रार हिशेबाच्या पातळीवर आणणे, हे दांडेकर समितीचे टिकाऊ कार्य होय. विभागाचे स्वतःचे उत्पन्न वाढवण्याची तितकीच काटेकोर योजना या कार्याच्या जोडीला हवी.