‘दो आँखें बारह हाथ’मधील प्रार्थना
व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या हिंदी चित्रपटातील छोटे समूहगीत. शब्द भरत व्यास यांचे, चाल वसंत देसाई (१९१२–७५) यांची. मुख्य स्वर लता मंगेशकर, साथीला कोरस. कथा ग. दि. माडगूळकरांची, औंध संस्थानातील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेली. शांताराम जन्माने कोल्हापूरचे. देसाईंची उमेदवारीही तिथेच, १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत, पडेल ते काम करत झाली. चाल मुद्दाम सोपी आहे : ताना-मुरक्यांचा सोस नाही, त्यामुळे अप्रशिक्षित गळेही ती सहज पेलतात. शाळांनी ती परिपाठासाठी उचलली, यात नवल नाही. पुढे देसाईंनी शालेय मुलांच्या समूहगायनाला वाहून घेतले. चित्रपटसंगीताच्या इतिहासात या कामाची दखल मात्र अपुरीच घेतली जाते.