गडकऱ्यांचं कार्ड

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या लायब्ररीचा डेटा जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीमवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यात शेकडो नोंदी अशा होत्या की ज्यांना ना पुस्तक होतं, ना दाखल क्रमांक. मला तो कचरा वाटला. मी त्या उडवल्या आणि रिपोर्टमध्ये अभिमानाने 'डेटा क्लीन केला' असं लिहिलं.

महिन्याभराने ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "राम गणेश गडकरी शोधलं की नाटकं येतात, कविता कुठे गेल्या?"

कविता 'गोविंदाग्रज' या नावाखाली होत्या, विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाखाली. मी उडवलेली नोंद म्हणत होती : 'गडकरी, राम गणेश – हेही पाहा : गोविंदाग्रज, बाळकराम'. नवा विद्यार्थी या पुलावरूनच पलीकडे जाणार होता.

खजील होऊन मी लायब्ररीत कॉम्प्युटर कसा आला ते वाचायला लागलो. त्यात हेन्रिएट अवराम भेटल्या. त्या प्रोग्रामर, ग्रंथालयशास्त्राची पदवी नाही. म्हणजे माझ्याच जातकुळीतल्या. 1965मध्ये त्या अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेल्या. पण त्यांनी आधी कॅटलॉगच्या नोंदीतला एकेक घटक समजून घेतला आणि मग मार्क हा फॉरमॅट उभा केला. त्यात 245 म्हणजे ग्रंथाचं शीर्षक, आजही. पुढे नावांसाठी वेगळा मार्क फॉरमॅट आला. त्यात व्यक्तिनावांसाठी 400 म्हणजे 'पाहा' आणि 500 म्हणजे 'हेही पाहा'. मी ज्याला कचरा म्हणालो, त्याला तिथे स्वतःचा क्रमांक होता!

दुसरे फ्रेड किलगोर. 1967मध्ये ओहायो राज्यातल्या 54 कॉलेजं-विद्यापीठांनी मिळून ओसीएलसी ही संस्था काढली, तिचे हे प्रमुख. कल्पना साधी होती : एकाच पुस्तकाची नोंद 54 ठिकाणी कशाला करायची? एकाने करावी, बाकीच्यांनी वापरावी. 26 ऑगस्ट 1971 रोजी ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन लायब्ररीत ऑनलाइन नोंदणी सुरू झाली.

गंमत पुढे आहे. या ऑनलाइन यंत्रणेतून बाहेर काय यायचं? छापील कार्डं! वर्णानुक्रमे लावून, थेट ड्रॉवरमध्ये घालायला तयार. आज हे हास्यास्पद वाटेल, पण वाचक ड्रॉवरपाशीच उभा होता. त्याला तिथून हुसकावून न लावता किलगोरनी मागची यंत्रणा बदलली. ओसीएलसीने शेवटची कार्डं छापली ती थेट 2015 साली, माझ्या हातात स्मार्टफोन आल्यानंतर.

आमच्या गोष्टीचा शेवट एवढा भव्य नाही. मी उडवलेल्या नोंदींचा बॅकअप नव्हता. पण मॅडमनी जुने लाकडी ड्रॉवर भंगारात जाऊ दिले नव्हते. सलग तीन शनिवार त्या कार्डं वाचत होत्या, मी टाइप करत होतो. 'कुसुमाग्रज'पाशी येईपर्यंत 'हेही पाहा : शिरवाडकर, वि. वा.' हे मी न विचारताच लिहायला लागलो होतो.

तेव्हापासून नव्या प्रोजेक्टवर डिलीट मारण्याआधी एक प्रश्न विचारतो : हे इथे कुणी ठेवलं, आणि कुणासाठी?