तंबू आणि बंगला यांच्या मधलं

२०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं, तेव्हा मी बातमी केली होती. यादीत 'टेंट ट्रेलर', 'फोल्डिंग कॅराव्हॅन' असे शब्द होते. खरं सांगतो, न समजताच छापले. शोध घेतला तो नंतर.

मूळ अमेरिकेत. १९०८ ला फोर्डची मॉडेल टी आली नि साधी माणसंही गाडी काढून रानात मुक्कामाला जाऊ लागली. तंबूत झोपायचं तर खाली खडे, ओल. पाऊस आला की अंथरुणाचा चिखल. त्यातून गाडीमागे ओढायचं खोकं निघालं. उघडलं की तंबू, आणि झोपणं जमिनीपासून वर!

१९६८ मध्ये इंडियानात लॉइड बॉनट्रेगर यांनी आपल्या शेतावरच्या कोंबड्यांच्या खुराड्यांत 'जेको' कंपनी सुरू केली. त्यांची खुबी छत उचलण्यात. हँडल फिरवा, छत वर. मग दोन्हीकडून पलंग बाहेर ओढा.

१९७३ ला अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पंपांवर रांगा लागल्या, भल्यामोठ्या मोटरहोमचा खप कोसळला. घडीचा ट्रेलर मात्र बसका, हलका. वारा कमी अडतो, तेल कमी लागतं, घरचीच गाडी तो ओढते. मुक्कामी ट्रेलर सोडला की गाडी फिरायला मोकळी. (अस्वलांपुढे कापडाचं काही चालत नाही. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज तळावर कापडी भिंतींना मनाईच आहे.)

आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटलं की अजून एसी बसच डोळ्यांसमोर येते. धोरणाच्या यादीतला टेंट ट्रेलर आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर मला आजवर एकदाही दिसलेला नाही. तुमच्याकडे दिसला असेल तर फोटो टाका.