हिमाखालचा श्वास : अपवाद स्मरणात, नियम विस्मृतीत

१/ बर्फाखाली गाडला गेलेला मनुष्य थंडीने मरतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हिमस्खलनांचा इतिहास वेगळेच सांगतो. काही जण आघाताने दगावतात. परंतु बहुतेकांचा जीव श्वास कोंडून जातो, आणि तोही शरीर गोठण्याच्या कितीतरी आधी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून स्कीइंगसाठी गुलमर्गला निघालेल्या मित्रमैत्रिणींनी हा धागा अवश्य वाचावा.

२/ ३ फेब्रुवारी २०१६. सियाचीनमध्ये १९,६०० फुटांवरील सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि १९ मद्रास बटालियनच्या चौकीवरील दहा जण गाडले गेले. ८ फेब्रुवारीला सुमारे २५ फूट बर्फाखालून धारवाड जिल्ह्यातील लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. ११ तारखेला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

३/ ‘सहा दिवस बर्फाखाली’ हे शब्द देशाच्या स्मरणात राहिले. उरलेल्या नऊ जणांची नावे किती जणांना आठवतात? त्यांत सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. सैन्यात ते परिचर्या साहाय्यक होते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथेच थांबावेसे वाटते. स्मृती अपवाद जपते. नियम मात्र त्या नऊ जणांच्या बाजूने आहे.

४/ तो नियम आकड्यांत मांडला गेला १९९४ साली. फाल्क, ब्रुगर आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९८१ ते १९९१ या काळात गाडल्या गेलेल्या ४२२ स्कीपटूंच्या नोंदी तपासल्या. १५ मिनिटांपर्यंत जगण्याची शक्यता ९२ टक्के. ३५ मिनिटांना ती केवळ ३० टक्के. मधल्या वीस मिनिटांत श्वास संपतो.

५/ असे का घडते? घसरताना भुसभुशीत असलेला बर्फ थांबताच घट्ट बसतो. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये छाती फुगवायला जागा उरत नाही, हा अनुभव आपल्याला आहे. येथे तर बोटही हलत नाही. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवती साचतो. उबदार श्वासाने बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि चेहऱ्यापुढे हवा अडवणारा पापुद्रा तयार होतो. तोंडापुढे पोकळी राहिली, तरच काही अवधी मिळतो.

६/ हिमस्खलन न होताही हे घडते. देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचा खड्डा राहतो. त्यात स्कीपटू किंवा स्नोबोर्डपटू डोक्यावर पडला, तर प्रत्येक धडपडीने अधिक बर्फ अंगावर येतो. उत्तर अमेरिकेतील प्रयोगांत अशा खड्ड्यांत सोडलेल्या स्वयंसेवकांपैकी सुमारे ९० टक्क्यांना स्वतःहून बाहेर पडता आले नाही.

७/ अनुभवी माणसेही सुटत नाहीत. आल्प्समधील स्कीइंगचे आद्य शिक्षक माथियास झ्दार्स्की पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियन सैन्याचे हिमतज्ज्ञ होते. फेब्रुवारी १९१६ मध्ये तेच हिमस्खलनात सापडले. सुमारे ऐंशी ठिकाणी हाडे मोडली वा निखळली, तरी ते वाचले.

८/ आपल्याकडे गुलमर्गचा लष्करी स्कीइंगशी संबंध १९४८ पासूनचा. तेव्हाचे स्की स्कूल पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाले. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तेथेच, खिलनमर्गच्या उतारावर, प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमस्खलनात मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित सैनिकांची ही कथा, तर हौशी पर्यटकाची काय?

९/ म्हणून निष्कर्ष साधा आहे. पथक येईपर्यंत १५ मिनिटे सहसा उलटून गेलेली असतात; वाचवतो तो शेजारचा सोबती. ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे प्रत्येकाजवळ असावे, आणि ते वापरण्याचा सराव असावा. झाडीत एकमेकांच्या नजरेआड जाऊ नये. पडल्यास झाडाची फांदी धरून डोके वर ठेवावे; बर्फ तोंडावर आलाच तर धडपड आवरून चेहऱ्यापुढची जागा मोकळी करावी. आखलेला मार्ग सोडण्यापूर्वी स्थानिक हिमस्खलन-इशारा पाहावा.

१०/ हणमंतप्पांचे धैर्य वंदनीयच. पण सहलीची बॅग भरताना सुनील सूर्यवंशींचे नाव आठवावे. ज्याच्याबरोबर जाणार आहात, त्याला हा धागा जरूर पाठवा.