नवे-जुने : कर्जाचा कागद आणि कर्जदाराचे मन



कर्जदार म्हटला की तो उधळ्या तरी असावा, नाहीतर अडाणी, असा आपला समज असतो. कामगार संघटनेच्या कामात माझ्यापुढे अनेक कर्जदार येऊन बसले. त्यांत उधळे थोडेच होते. एक गोष्ट मात्र बहुतेकांत सारखी होती : कर्जाचा आकडा कोणी घरी सांगितलेला नव्हता. ही दडवादडव कोठून येते, हे आपल्याच मुलखाच्या इतिहासात पाहू.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. दंगे पुणे-नगर भागात पसरले. सप्टेंबरात त्यांची ठिणगी कोकरुडास पडली. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते; आज ते सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. जमावाला हवे होते ते खते आणि रोखे. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तेथे त्याच्या अंगाला सहसा हात लागला नाही.

राग कागदावर का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत लावणे भाग पडले. कायदा ऋणकोच्या भल्यासाठी होता, झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. आपल्या बोलीत याला 'नवे-जुने करणे' म्हणतात. शंभर रुपये शेकडा दरमहा दोनने तीन वर्षांत १७२ होतात. नवे-जुने केले की सहा वर्षांत सुमारे २९६, आणि नऊ वर्षांत ५०० च्या वर. वाचता न येणारा कुणबी खाली नांगराची निशाणी करी आणि घरी गप्प बसे. आपण किती देणे लागतो हे त्यालाच ठाऊक नसे. मग बायकोला काय सांगणार?

अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) कापूस महागला, तेव्हा हेच सावकार मागेल त्याला पैसा देत होते. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच साऱ्याचे आकडे चढले आणि सावकाराने हात आखडला. पुढे चौकशी मंडळाने नमूद केले की, लग्नकार्यातील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले जाते. दीडशे वर्षे होत आली, तरी आपण अजून लग्नाकडेच बोट दाखवतो!

१८७९ साली पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला, आणि कर्जापायीची कैद बंद झाली. सावकारी काही संपली नाही. पण कागद उजेडात आणला पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले.

उजेडातील देण्याची लाज वाटत नाही, याचा दाखला साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही, दिले. ते आपण अभिमानाने सांगतो. 'कमवा व शिका' या योजनेतील विद्यार्थी आपले देणे चारचौघांत, घाम गाळून फेडीत असे.

आणि आज? एका तरुण कामगाराने शिकत असताना मोबाइलवर छोटे कर्ज काढले. ते फेडण्यास दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे. हेही नवे-जुनेच, फक्त तीन वर्षांचे काम आता महिन्यात होते. बाप त्याच कारखान्यात, पण त्याला पत्ता नाही. आम्ही तिघांनी बसून सारे आकडे एका कागदावर मांडले. पतसंस्थेने कमी व्याजाने रक्कम दिली आणि बाप जामीन राहिला. पोरगा म्हणाला, "पैशापेक्षा तुम्हाला कळेल याचीच भीती होती."

असल्या कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च ऋणकोला आधी लेखी कळवावा, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घातला आहे. तो कागद मागून घ्या आणि घरात मोठ्याने वाचा. कोकरुडच्या लोकांनी कागद जाळले, कारण ते त्यांना वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते.