मेंदूंतील अफू आणि रक्ताचा दाब



क्रोध आला म्हणजे डोळे लाल होतात, भय वाटलें म्हणजे छाती धडधडते, हें सांगावयास शास्त्रज्ञ नको. परंतु मनांतील खळबळ रक्तवाहिन्यांपर्यंत कशी पोंचते, आणि तिला आवरतें कोण, हें कळण्यास मनुष्याला दोन शतकांहून अधिक काळ लागला.

रक्ताचा दाब प्रथम मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें. घोडीच्या रोहिणीस जोडलेल्या कांचेच्या नळींत रक्त आठ फुटांहून उंच चढलें, हा वृत्तांत त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केला. १८९६ सालीं इटलींतील रिवा-रोच्ची यानें दंडास पट्टा बांधून दाब मोजण्याचें सुटसुटीत साधन सिद्ध केलें. पुढें १९१५ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन यानें आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, भय किंवा क्रोध उत्पन्न होतांच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तांत उतरतें आणि हृदय वेगानें चालूं लागतें. चाबूक सांपडला, पण घोड्यास लगामहि हवाच. त्याचा माग लागला तो भलत्याच वाटेनें, अफूच्या.

एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जात असे. अफू वेदना शमविते हें जगास ठाऊक होतें. कां शमविते, हें नव्हतें. १९७३ सालीं बाल्टिमोरला पर्ट व स्नायडर, न्यूयॉर्कला सायमन आणि स्वीडनमधील उप्सालास टेरेनियस यांनीं स्वतंत्रपणें दाखविलें कीं, मेंदूंत अफूच्या द्रव्यांस धरून ठेवणारीं ग्राहक-स्थानें आहेत. जणुं किल्लीच्या मापाचीं कुलपेंच! मग निसर्गानें हीं कुलपें खसखशीच्या बोंडासाठीं का घडविलीं? उत्तर १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथें मिळालें. ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनीं डुकरांच्या मेंदूंतून एन्केफॅलिन नांवाचीं द्रव्यें वेगळीं काढलीं. किल्ली घरचीच होती.

हीं ग्राहक-स्थानें मेंदूच्या बुडाशीं, जेथें रक्तदाबाची वार्ता आणणाऱ्या मज्जातंतूंचें ठाणें आहे, तेथेंहि आढळतात. १९८५ सालीं अमेरिकेंत मॅककबिन व त्याच्या सहकाऱ्यांनीं तरुणांस नॅलॉक्सोन, म्हणजे हीं कुलपें अडविणारें औषध, देऊन त्यांच्या मनावर ताण आणला. ज्यांचा दाब मुळांत कमी होता, त्यांचा दाब औषधानें अधिक उसळला. ज्यांचा आधींच कांहींसा चढा होता, त्यांत फरक पडला नाहीं. यावरून अनुमान निघालें तें असें, कीं या दुसऱ्या वर्गाचा लगाम अगोदरच सैल असावा. अर्थात् हीं कुलपें अनेक जातींचीं आहेत. जात व जागा बदलली कीं परिणामहि बदलतो, कोठें दाब उतरतो तर कोठें चढतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९७९ सालीं झमीर व सेगल यांस, दाब वाढविलेल्या उंदरांत वेदनेची जाणीव मंदावलेली दिसली. "मला कांहींच होत नाहीं" असें म्हणणाऱ्या गृहस्थानें यावरून बोध घ्यावा. शरीराचें मौन म्हणजे आरोग्याची ग्वाही नव्हे. दाब मोजूनच पाहावा लागतो. आणि मेंदूंत अफूचीं कुलपें आहेत म्हणून बाहेरची अफू चिंतेवर उतारा ठरत नाहीं. तिची मात्रा अधिक झाल्यास श्वासच थांबतो. घरची किल्ली घरच्याच कुलपास शोभते.